सोडणाऱ्यांची संगत

तंबाखूचा इतिहास सांगावयास बसले म्हणजे राजे, बादशहा, जहाजे आणि जकाती यांची रीघ लागते. ती वनस्पती कोणी कोठून आणली, कोणत्या सत्ताधीशाने तिजवर बंदी घातली आणि कोणत्या सत्ताधीशाने तिजवर कर बसवून आपली तिजोरी भरली, हे सर्व दप्तरांत नोंदलेले असते. परंतु ज्या माणसाने एके दिवशी विडी टाकली आणि पुन्हा म्हणून तोंडात धरली नाही, त्याची नोंद कोणी ठेवीत नाही. सोडण्यापासून सरकारास उत्पन्न होत नाही, हे याचे एक कारण. दुसरे कारण आपल्या समजुतीत आहे. व्यसन सोडणे हा ज्याच्या त्याच्या मनोनिग्रहाचा खाजगी मामला होय, असे आपण धरून चालतो. लहानपणी शाळेच्या पुस्तकांतून ज्या निग्रही पुरुषांच्या कथा आपण वाचल्या, ते सारे एकटेच होते. त्यांनी प्रतिज्ञा केली आणि ती पाळली, इतकेच त्यांचे चरित्र. ज्यास असे जमत नाही तो दुबळा, हा त्या कथांचा न लिहिलेला उत्तरार्ध आपण मनात बाळगतो, आणि विडी सोडू पाहणारा मनुष्य तिसऱ्या दिवशी पुन्हा टपरीवर गेला की त्यास हाच उत्तरार्ध आठवतो.

इतिहास मात्र काही निराळे सांगतो, असे मला वाटत आले आहे. व्यसने पुष्कळदा घोळक्याने सुटलेली आहेत. आणि तो घोळकाही उपदेशकांचा नसून त्याच व्यसनात बुडालेल्यांचा होता. असे घोळके कोठे टिकले आणि कोठे फुटले, हे पाहिले तर त्यातूनही काही हाती लागते. मी बदलापुरास राहतो; सबब माझी पुष्कळशी उदाहरणे कल्याणच्या आसमंतातील आणि ठाणे जिल्ह्यातील आहेत. दूरची उदाहरणे जेथे उजेड पाडतील तेथे घेईन.

आरंभी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. धूम्रपान आपल्याकडे आले तेच मुळी चारचौघांत. पोर्तुगीजांच्या मार्फत तंबाखू दक्षिणेत येऊन पोहोचली होती. असद बेग नावाचा अकबराचा सरदार १६०४ च्या सुमारास विजापुराहून परतला, तेव्हा त्याने ती रत्नजडित नळीसह बादशहापुढे ठेवली. हकीमाने हरकत घेतली, बादशहाने कौतुकाने दोन-चार झुरके घेऊन नळी बाजूस सारली. परंतु दरबारी मंडळींनी असद बेगाकडे मागणी लावली, आणि पाहता पाहता व्यापारी ती वस्तू विकू लागले. बादशहाच्या नापसंतीपेक्षा शेजारी बसलेल्या सरदाराचा धूर अधिक प्रभावी ठरला! पुढे १६१७ साली जहांगिराने बंदीचा हुकूम काढला. इराणच्या शाह अब्बासानेही आपल्या मुलखात तीच आज्ञा केली होती. पण जहांगिराचा वकील खान आलम हा इराणात गेला, तो क्षणभरही तंबाखूवाचून राहू शकेना. आणि शाहाने त्याच्यापुरती सूट दिली. ही हकीकत जहांगिराने स्वतःच आपल्या आत्मवृत्तात लिहून ठेविली आहे. बंदीचा हुकूम आणि बंदीचा अपवाद एकाच पानावर नांदावेत, यात त्या हुकुमाचे भवितव्य दिसून येते.

आपल्या खेड्यापाड्यांतून चिलीम ही एकट्याने ओढावयाची वस्तू नव्हती. ती हातोहात फिरे. पाहुणा आला की चंची पुढे करावयाची, शेजाऱ्याच्या विस्तवावर आपली विडी शिलगवावयाची, हे सर्व लोकरीतीत बसून गेले होते. उत्तर हिंदुस्थानात जातीबाहेर टाकण्यास ‘हुक्का-पाणी बंद करणे’ म्हणतात, ते उगीच नव्हे. धूर म्हणजे बिरादरी. तेव्हा ज्याने विडी सोडली त्याने नुसती तंबाखू सोडली असे होत नसे. तो वर्तुळातून उठून जाई. एकट्याने सोडणे इतके अवघड का, याचा अर्धा उलगडा मला येथे होतो. उरलेला अर्धा निकोटीनचा आहे, त्याकडे पुढे येऊ.

हे वर्तुळ मोडून प्रत्येकास आपापला विस्तव खिशात बाळगण्याची सोय काड्यापेटीने करून दिली, आणि या कामात आमच्या शेजारच्या अंबरनाथाचा हात मोठा आहे. अंबरनाथ म्हटले की वाचकांस शके ९८२ मधील शिलाहारांचे शिवमंदिर आठवेल, आणि तेच आठवावे. परंतु विसाव्या शतकात त्या गावाचे नाव घरोघर गेले ते काड्यापेटीवरून. १९२२ साली परदेशी काड्यापेट्यांवर दर ग्रोसला दीड रुपया जकात बसली. तेव्हा ज्या स्वीडिश कंपनीचा माल येथे येत असे, तिने जकात भरण्यापेक्षा येथेच कारखाने काढणे पत्करले. १९२३ साली ‘वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी’ स्थापन झाली आणि अंबरनाथास तिचा कारखाना उभा राहिला. ‘विम्को’ हे तिचे लघुरूप. कारखान्याचा तो धंदा आता तेथे उरला नाही, विम्को नाका मात्र रिक्षावाल्यांच्या तोंडी आहे. देवघरातील निरांजन, चूल आणि विडी यांस एकाच काडीने पेटविणारी ती पेटी. तिच्यावर विडीचे पाप लादणे अन्यायाचे होईल. तरीपण चकमक आणि गारगोटी घेऊन खटपट करणारा मनुष्य दिवसातून जितक्या वेळा विडी पेटवील, त्याहून खिशात काड्यापेटी असलेला मनुष्य किती तरी अधिक वेळा पेटवील, हे सांगण्यास शास्त्रज्ञ नको.

त्याच वर्षी, म्हणजे १९२२ साली, त्याच ठाणे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकास एक निराळाच प्रकार घडत होता. या जकातीशी त्याचा काही संबंध नाही, आणि त्याचा विषयही तंबाखू नसून दारू होता. परंतु पुष्कळ माणसे एकत्र येऊन एखादे व्यसन कसे टाकतात, याचे आपल्या भागातील इतके ठळक उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही. म्हणून त्यावर थोडे रेंगाळतो.

पालघर हा आज स्वतंत्र जिल्हा आहे. २०१४ पर्यंत तो ठाणे जिल्ह्याचाच भाग होता. तेथील किनाऱ्यावरच्या कोळ्यांमध्ये देवीची साथ शमविण्यासाठी काही विधी सुरू झाले. अंगात येणाऱ्या माणसांच्या मुखाने देवी बोलू लागली. हळूहळू ही लाट किनारा सोडून आत वळली, डोंगर चढली, नाशिक व डांग या बाजूंनी फिरून १९२२ च्या अखेरीस सुरत जिल्ह्यातील आदिवासी गावांत उतरली. वाटेत तिचे रूप पालटत गेले. आरंभी रोग टळावा एवढेच मागणे होते. पुढे देवीच्या आज्ञा निघू लागल्या. दारू व ताडी पिऊ नका. मांस-मच्छी खाऊ नका. रोज स्नान करा, घरे स्वच्छ ठेवा. दारूचे गुत्तेवाले व सावकार यांच्याकडे कामाला जाऊ नका. मांडव घातले जात, गावेच्या गावे तेथे जमत, आज्ञा ऐकत आणि परत जाऊन पाळीत. पुढे पुढे या आज्ञांत गांधींचे नाव आणि खादीही आली. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने दप्तरे चाळून आणि वृद्ध आदिवासींच्या आठवणी गोळा करून या चळवळीवर १९८७ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, तो मुळातून वाचावा असा आहे.

देवी अंगात आली म्हणून लोकांनी दारू सोडली, असे म्हणून सुशिक्षित वाचक हसेल. त्याने आधी त्या दारूचा इतिहास पाहावा. १८७८ च्या अबकारी कायद्याने घरोघर मोहाची दारू गाळण्याची वाट बंद झाली. सरकारी मक्त्याची दारू गुत्त्यावरून विकत घेणे भाग पडले. १८९२ च्या कायद्याने तर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले साठविण्यावरच निर्बंध आले. जी वस्तू पूर्वी स्वतःच्या अंगणातील आणि देवाच्या नैवेद्याची होती, ती आता उधारीची झाली. आणि उधारीपायी जमीन गेली. गुत्तेवाला, सावकार व जमीनदार हे पुष्कळदा एकच गृहस्थ असत. अशा स्थितीत एकट्या कुळाने ‘मी पिणार नाही’ असे म्हणणे म्हणजे काय, याचा विचार करावा. दुसऱ्या दिवशी त्यास कामावरून काढून टाकणे किती सोपे! परंतु सारा गाव एका रात्रीत पिण्याचे थांबला, तर काढून तरी किती जणांस टाकणार? देवीच्या आज्ञेने त्यांस धैर्य दिले, यात शंका नाही. पण त्या धैर्यास आधार होता तो शेजारचाही आज पीत नाही या खात्रीचा.

ही चळवळ पुढे ओसरली. देवी आली तशी गेली. गुत्त्यांचे मालक आणि जमीनदार यांनी दडपण आणले. काहींस बळजबरीने पाजण्याचेही प्रकार झाले. पण हार्डिमनच्या ग्रंथातील जो भाग माझ्या मनास लागून राहिला तो याच्या पुढचा आहे. चौधरी जमातीत दोन तट पडले. ज्यांनी वर्ज्य केले ते ‘वर्जेला’. जे पुन्हा पिऊ लागले ते ‘सर्जेला’. पहिल्यांचा दुसऱ्यांशी व्यवहार तुटत गेला. ज्या संगतीच्या बळावर दारू सुटली, त्याच संगतीने परतलेल्यांस बाहेर ठेविले. वर्जेल्यांची शिस्त खरी होती, तिने काही गावांत दीर्घकाळ काम केले. वेडछीसारखे आश्रम त्यातूनच उभे राहिले. परंतु एकदा घसरलेल्या माणसास परत येण्याची वाट अवघड झाली. निर्धार जितका कडक, तितका घसरलेल्याचा तट पक्का, असा हा पेच आहे.

हाच पेच साता समुद्रांपलीकडेही दिसतो. १८३२ साली इंग्लंडातील प्रेस्टन गावी जोसेफ लिव्हसी याने सहा सोबत्यांसह संपूर्ण मद्यत्यागाच्या प्रतिज्ञेवर सही केली. १८४० साली अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी तर गंमतच झाली. एका गुत्त्यात बसून पिणाऱ्या सहा सोबत्यांनी तेथेच ठरविले की आपण सोडावयाचे; आणि दर आठवड्यास जमून प्रत्येकाने आपली हकीकत सांगावयाची. त्यांनी आपल्या मंडळास वॉशिंग्टनचे नाव दिले. हां हां म्हणता लाखो लोक त्यात आले. अब्राहम लिंकन तेव्हा तरुण वकील होता. १८४२ च्या फेब्रुवारीत स्प्रिंगफील्ड येथे या मंडळापुढे त्याचे भाषण झाले. त्यातील मुख्य मुद्दा असा की, धर्मोपदेशक आणि वकील यांच्या निषेधाने जे साधले नाही ते कालचा मद्यपी साधतो, कारण ऐकणाऱ्यास तो आपल्यातला वाटतो. पण हे मंडळ काही वर्षांतच विरून गेले. राजकारण शिरले, कायद्याने बंदी करावी की न करावी हा वाद शिरला, आणि व्यासपीठावर पूर्वीच्या मद्यप्यांऐवजी वक्ते आले.

पुढे १९३५ साली, त्याच देशातील ॲक्रन गावी, बिल विल्सन नावाचा एक शेअरबाजारातील मनुष्य धंद्यात आपटी खाऊन हॉटेलात एकटा उभा होता. त्याने काही महिन्यांपूर्वी दारू सोडली होती. हॉटेलातील पिण्याच्या दालनातून आवाज येत होते. आपण आत जाणार हे त्यास कळून चुकले, आणि त्याने गावातील धर्मगुरूंना दूरध्वनी करण्यास आरंभ केला. आपला उद्धार करावा म्हणून नव्हे, तर एखादा मद्यपी भेटवा म्हणून. बोलावयास दुसरा मद्यपी मिळाला तर आपण वाचू, हा त्याचा हिशेब. त्यास डॉक्टर बॉब स्मिथ भेटला, आणि या दोघांच्या बोलण्यातून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही संस्था निघाली. आज तिच्या सभा महाराष्ट्रातही भरतात. बाल्टिमोरकरांची चूक तिने टाळली: राजकारणाशी संबंध नाही, वक्ते नाहीत, आणि घसरून परत आलेल्या माणसास दारात अडविणारा कोणी नाही. मात्र या गोष्टीस एक कडू शेपूट आहे. दारूपासून असंख्य लोकांस सोडविणारा हा विल्सन सिगारेट ओढीत राहिला, आणि १९७१ साली फुप्फुसाच्या विकाराने गेला. त्या काळच्या त्या सभाही धुराने भरलेल्या असत. जी संगत दारूची होती ती दारूपुरतीच होती. तंबाखू सोडणाऱ्यांची संगत तेथे नव्हतीच.

तंबाखूसाठी असा मेळ प्रथम व्यवस्थितपणे जमविला तो सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाने. मॅकफार्लंड हा डॉक्टर आणि फोकनबर्ग हा धर्मोपदेशक, या दोघांनी १९६० च्या सुमारास पाच दिवसांची योजना तयार केली. पाच संध्याकाळी लागोपाठ जमावयाचे, आणि प्रत्येकाने एक जोडीदार निवडून मधल्या वेळात त्यास निरोप करीत राहावयाचे. पाचच दिवस का, याचे उत्तर निकोटीनच्या स्वभावात आहे. ते शरीरातून दोन-तीन दिवसांत निघून जाते. चिडचिड, झोपमोड, चित्त न लागणे ही लक्षणे पहिल्या आठवड्यात तीव्र असतात. तल्लफेची एकेक उसळी मात्र काही मिनिटांचीच असते. तेवढी मिनिटे कोणाशी तरी बोलत काढली तर ती ओसरते. निग्रहाच्या थोर कथांत ही क्षुद्र मिनिटे कोठे येत नाहीत, आणि माणूस हरतो तो मात्र त्याच मिनिटांत.

एव्हाना तंबाखूचा खरा हिशेबही बाहेर आला होता. डॉल आणि हिल यांनी १९५० साली इंग्लंडात धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखविला. आपल्याकडे मुंबईच्या टाटा रुग्णालयातील सामग्रीवरून संघवी, राव व डॉक्टर वसंत रामजी खानोलकर यांनी १९५५ साली विडी ओढणे व तंबाखू चघळणे यांचा तोंडाच्या, घशाच्या व अन्ननलिकेच्या कर्करोगांशी असलेला संबंध मांडला. यातील ‘चघळणे’ हा शब्द आपण विशेष ध्यानी घ्यावा. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी सुमारे २७ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपाने तंबाखू घेणारे आढळले. पैकी ओढणारे शेकडा चारांहूनही कमी, बाकीचा भार मळलेल्या तंबाखूचा, मिश्रीचा आणि तत्सम वस्तूंचा. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, आणि सार्वजनिक जागी धूम्रपान करण्यास २००८ पासून देशभर मनाई आहे. या कायद्यांनी काही झाले नाही असे मी म्हणणार नाही. धूर नजरेआड झाला ही लहान गोष्ट नव्हे.

कायद्याच्या गोष्टी निघाल्या तेव्हा रेल्वेच्या एका जुन्या कलमाची आठवण होते. कल्याणपासून बदलापूर, नेरळ या बाजूने पळसदरीपर्यंत लोहमार्ग १८५६ साली चालू झाला. १८९० च्या रेल्वे कायद्यात असे कलम होते की, धूम्रपानासाठी राखून ठेवलेला डबा सोडून इतर डब्यांत सहप्रवाशांच्या संमतीवाचून कोणी ओढील तर त्यास वीस रुपयांपर्यंत दंड होईल. संमती सरकारची नव्हे; शेजारच्याची! १८९० साली वीस रुपये म्हणजे लहान रक्कम नव्हती. तरीपण, ज्या डब्यात सगळेच ओढणारे, तेथे हे कलम झोपलेलेच असणार.

आमच्या ठाणे-रायगडाकडे गेल्या ऐंशी वर्षांत संगतीने व्यसने सुटली ती मुख्यतः धर्माच्या आधाराने. वारकऱ्यांची तुळशीची माळ ही जुनीच चाल. माळ गळ्यात आहे म्हणजे हा मनुष्य पिणार नाही, हे गावास न विचारता कळते. प्रतिज्ञा गळ्यात, आणि साक्षीदार सारा गाव. उल्हासनगरास १९४७ नंतर कल्याणच्या लष्करी छावणीत येऊन राहिलेल्या सिंधी बांधवांत नानकपंथी पुष्कळ. तेथील दरबारांत गुरू ग्रंथसाहेबांपुढे तंबाखू चालत नाही, आणि खालसा शिखांस तर ती मुळातच वर्ज्य. परंतु अंबरनाथ-बदलापूरच्या चाळींतून आणि आसपासच्या आगरी-कोळी गावांतून कोणासही ‘तुमच्याकडे दारू कशी सुटली’ असे विचारा, तर पुष्कळदा एकच शब्द येईल: बैठक. रेवदंड्याचे नारायण विष्णु तथा नानासाहेब धर्माधिकारी यांनी १९४३ साली दासबोधाच्या निरूपणाच्या या साप्ताहिक बैठका आरंभिल्या. पुरुषांची बैठक निराळी, स्त्रियांची निराळी, येणाऱ्यास ‘श्रीसदस्य’ म्हणावयाचे, पैसा नाही.

मी स्वतः या मंडळींपैकी नव्हे, आणि निरूपणातील सर्वच गोष्टी मला पटतील असेही नाही. पण इतिहासाच्या अभ्यासकाने दिसते ते नोंदवावे. आठवड्याचा ठराविक वार, ठराविक वेळ, शेजारी मांडीस मांडी लावून बसलेला कालचा पिणारा, आणि घरी बायकोचीही बैठक. नवऱ्याने सोडली की नाही याची चर्चा चार बायकांत होऊ शकते, आणि त्या चर्चेत लाज नसून आशा असते. ॲक्रनच्या हॉटेलात विल्सनने जे धुंडाळले ते येथे दासबोधाच्या पोथीभोवती जमले. ज्यास अध्यात्म नको त्याने काय करावे, हा प्रश्न मात्र उरतोच.

त्याचे एक उत्तर पुण्यात मिळाले. १९८० नंतरच्या वर्षांत गर्द नावाचे विष शहरांत पसरले. अनिल अवचट यांनी त्यावर लिहिले. त्यांच्या पत्नी डॉक्टर अनिता, म्हणजेच सुनंदा अवचट, येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करीत होत्या. पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांनी आर्थिक साहाय्य पुढे केले, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी ‘मुक्तांगण’ सुरू झाले. तेथील पुष्कळ कार्यकर्ते हे पूर्वीचे रुग्णच. रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ नावाचा गट निघाला. घसरणे हा आजाराचाच भाग आहे असे तेथे मानतात. घसरून परत आलेला मनुष्य गुन्हेगार ठरत नाही. सुनंदाबाई १९९७ साली आणि अनिल अवचट २०२२ साली गेले. काम चालू आहे. वर्जेला आणि सर्जेला यांच्यामधील भिंत पाडण्याचा हा आपल्याकडील सर्वांत विचारपूर्वक केलेला प्रयत्न होय, असे मी समजतो.

संगतीच्या या बळास मोजमाप आहे काय? अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावच्या दीर्घ पाहणीतील १२,०६७ माणसांची १९७१ ते २००३ पर्यंतची नाती-मैत्री तपासून क्रिस्ताकिस व फाउलर यांनी २००८ साली एक निबंध प्रसिद्ध केला. पती अगर पत्नी यांपैकी एकाने धूम्रपान सोडले तर दुसरा ओढीत राहण्याचा संभव ६७ टक्क्यांनी कमी होतो. मित्राने सोडले तर ३६ टक्क्यांनी, लहान कचेरीतील सहकाऱ्याने सोडले तर ३४ टक्क्यांनी, भावंडाने सोडले तर २५ टक्क्यांनी. भावापेक्षा मित्राचे वजन अधिक! माणसे एकेकटी सुटत नाहीत, जमावच्या जमाव एकदम सुटतो, असा त्यांचा निष्कर्ष. यावर आक्षेपही आले. समान स्वभावाचेच लोक मित्र होतात, तेव्हा मित्रामुळे सुटले असे कशावरून, असा संख्याशास्त्रज्ञांचा प्रश्न आहे व तो रास्त आहे. २०१७ साली पुष्कळ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात असे दिसले की पुस्तिका वाचून एकट्याने सोडू पाहणाऱ्यांपेक्षा गटात येणाऱ्यांस यश बरेच अधिक येते; पण जाणकार सल्लागार एकेकट्यास भेटला तर गट त्याहून सरस ठरतो, असा पुरावा नाही. मला यात माझ्या म्हणण्याचा पराभव दिसत नाही. सल्लागार हीदेखील संगतच. मात्र तो विकत घ्यावा लागतो, आणि आपल्याकडे किती गावांत मिळेल?

आता स्वतःविषयी थोडे लिहावे लागत आहे, कारण या विषयावर केवळ ग्रंथांच्या आधारे लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. मी पंचवीस वर्षे सिगारेट ओढीत होतो. एकट्याने सात वेळा सोडली. अकरा वर्षांपूर्वी आम्ही चौघे, सकाळच्या एकाच गाडीने बदलापुराहून निघणारे, स्टेशनाबाहेरच्या टपरीपाशी रोज उभे राहत असू. एक बँकेतला, एक अंबरनाथच्या कारखान्यातला, एक उल्हासनगरास कापडाच्या दुकानात हिशेब पाहणारा, आणि मी. त्यातल्या एकाच्या वडिलांना घशाचा कर्करोग झाला, आणि त्या आठवड्यात आम्ही ठरविले. नियम एकच केला: ज्याने ओढली त्याने दुसऱ्या दिवशी गाडीत सांगावयाचे, आणि इतरांनी त्यावर काही बोलावयाचे नाही. हा दुसरा भाग पाळणे फार कठीण गेले. तिसऱ्या आठवड्यात मी सांगितले, तेव्हा तिघेही खिडकीबाहेर पाहू लागले, आणि अंबरनाथ येईपर्यंत कोणी बोलले नाही, मग कारखान्यातल्या सोबत्याने उतरताना विचारले, “किती?” मी म्हटले, “एक.” तो म्हणाला, “बरं झालं, दोन नाहीत,” आणि उतरून गेला.

आमच्यापैकी तिघांची सुटली. दुकानात हिशेब पाहणाऱ्या सोबत्याची सुटली नाही. दोनदा चार-चार महिने राहिली आणि पुन्हा आली. आरंभी तो लाजून पुढच्या डब्यात बसू लागला होता. एके दिवशी आम्ही तिघे जाऊन त्याच्याच डब्यात बसलो. आता त्याने गाडी बदललेली नाही. सकाळी तो टपरीकडून येतो, आम्ही फलाटावर त्याची जागा धरून उभे असतो, आणि न विचारता तो कालचा आकडा सांगतो. गेल्या सोमवारी तो चार होता.